गिऱ्हाईक न मिळालेला पहिला भाग

टीव्हीवर मालिका सुरू करण्याआधी तिचा एक नमुना भाग काढतात. त्याला 'पायलट' म्हणतात. वाहिनीचे अधिकारी तो पाहतात. पसंत पडला तर पुढचे भाग मागवतात, नाहीतर विषय तिथेच संपतो. आपल्याकडे १९८४ मध्ये 'हम लोग' आली आणि प्रायोजित मालिकांचे दिवस सुरू झाले, तेव्हा निर्मातेही असेच नमुने घेऊन दिल्लीला मंडी हाऊसच्या खेपा घालत.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हा व्यवहार उलटा वाटतो. कर्ज मागणारा आमच्याकडे प्रकल्पाचा अहवाल घेऊन येई. कारखाना नंतर उभा राही. इथे आधी कारखाना उभारायचा, एक नग काढून दाखवायचा आणि मग गिऱ्हाईक मिळते का ते पाहायचे. नाही मिळाले तर नेपथ्य, कपडे, मानधन यांचा बराच खर्च अंगावर येतो. म्हणून अमेरिकेत एक तोड निघाली. नमुना भाग सिनेमासारखा लांब करायचा. मालिका झाली नाही तरी तो टीव्हीवर एकदा दाखवता येतो, परदेशातही विकता येतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'जेनेसिस टू'. त्याचा कर्ता जीन रॉडनबेरी, म्हणजे 'स्टार ट्रेक'वाला. 'स्टार ट्रेक'चाही पहिला नमुना एनबीसी वाहिनीने नाकारला होता. पण त्यांनी दुसरा मागवला, तो पसंत पडला आणि १९६६ मध्ये मालिका सुरू झाली.

'जेनेसिस टू' सीबीएस वाहिनीवर २३ मार्च १९७३ रोजी दाखवला गेला. गोष्ट अशी: डायलन हंट नावाचा शास्त्रज्ञ १९७९ मध्ये स्वतःवर दीर्घ निद्रेचा प्रयोग करतो. प्रयोगशाळा एका गुहेत असते. दरड कोसळून तो आत गाडला जातो आणि जागा होतो तो थेट २१३३ साली. मधल्या काळात महायुद्ध होऊन जुने जग संपलेले असते. उरलेल्यांत 'पॅक्स' नावाची माणसे जुने ज्ञान जपत असतात आणि जमिनीखालच्या वेगवान गाड्यांतून ठिकठिकाणी फिरत असतात. दुसरीकडे दोन बेंब्या असलेली, माणसांना गुलाम करून ठेवणारी एक जमात असते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. मत्स्यावताराच्या कथेत प्रलय येतो आणि मनू नावेत बियाणे भरून घेतो. सगळे बुडाल्यावर काय वाचवायचे, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

सीबीएसने मालिका घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी गाजलेल्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या सिनेमावरची मालिका निवडली. ती १९७४ मध्ये सुरू झाली आणि १४ भाग काढून त्याच वर्षी बंद पडली. रॉडनबेरीने नायक बदलून 'प्लॅनेट अर्थ' हा दुसरा नमुना केला. एबीसी वाहिनीने तो एप्रिल १९७४ मध्ये दाखवला, पण मालिका त्याचीही झाली नाही. जुलै १९७५ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड' नावाचा तिसरा नमुना आला. त्यात रॉडनबेरीचा हात नव्हता, आणि तोही तसाच गेला. तीन नमुने झाले, मालिका एकही नाही.

आमच्या भाषेत याला बुडीत खाते म्हणायचे. पण खाते तिथे बंद झाले नाही. 'जेनेसिस टू'च्या पुढच्या भागांसाठी रॉडनबेरीने काही कथांचे आराखडे लिहून ठेवले होते. त्यांपैकी 'रोबॉट्स रिटर्न' या आराखड्यावरून १९७९ च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटाची कथा वाढली. १९९१ मध्ये रॉडनबेरी वारला. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००० साली 'अँड्रोमेडा' ही मालिका आली. तिच्या नायकाचे नाव डायलन हंट. तोही शेकडो वर्षांनी भानावर येतो आणि आपले जग मोडलेले पाहतो. ती मालिका पाच हंगाम चालली.

हे शक्य झाले, कारण चित्रफीत आणि कागद दोन्ही जागेवर होते.

आता आपल्या पेडणे-डिचोलीकडे पाहूया. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी मंडळे महिनोन्महिने तालमी करतात, आणि त्यांतल्या कितीतरी नाटकांचा स्पर्धेतला प्रयोग हाच पहिला आणि शेवटचा ठरतो. गावच्या जत्रेतल्या नाटकांचेही तेच. दशावतारात तर संवाद बहुतेक रंगमंचावरच उभे राहतात. ते लिहिलेलेच नसतात. जुना कलाकार गेला की त्याच्याबरोबर ते आख्यानही जाते.

बक्षीस न मिळालेले नाटक वाईटच असते असे नाही. त्यातला एखादा प्रवेश, एखादे पात्र पुढच्या पिढीतल्या लेखकाच्या उपयोगी पडू शकते. पण त्यासाठी संहिता हाती लागली पाहिजे. आज त्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, आणि आपल्या पावसाळ्यात दमट हवा आणि वाळवी कोणाचीच गय करत नाहीत.

म्हणून प्रत्येक मंडळाने एका माणसाकडे हे काम द्यावे. घरोघरच्या संहिता मागून घ्याव्यात, पानापानाचे मोबाईलवर फोटो काढावेत आणि वही मालकाला परत करावी. सोबत गाव, साल, लेखक आणि कलाकारांची नावे लिहून ठेवावीत. दशावतारी मंडळींचा एक तरी पूर्ण प्रयोग ध्वनिमुद्रित करावा. खर्च फारसा नाही, आणि हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू करता येईल.