भ्रूणाची जनुकीय तपासणी : अहवालात काय येते, काय येत नाही

समजा, पती-पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. त्यांच्या प्रत्येक भ्रूणाला तीव्र थॅलेसेमिया असण्याची शक्यता २५ टक्के. आयव्हीएफमध्ये साधारण पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातील काही पेशी काढून तपासतात. लक्षात घ्या, या थरापासून पुढे वार बनते, बाळ नव्हे. म्हणून गर्भधारणेनंतर गर्भजल तपासून खात्री करण्याचा सल्ला देतात.

त्याच पेशींवरून लिंगही कळू शकते. ते मात्र तुम्हाला सांगता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला; केंद्राचा १९९४ चा. रोपणापूर्वीच्या लिंगनिवडीची पळवाट २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बंद झाली. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार ही तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. ‘मुलगा हवा’ हा आजार नव्हे!