पाण्यातला मेटल डिटेक्टर : आधी पाणी बघा, मग किंमत

मेटल डिटेक्टर घेताना पहिला प्रश्न हमखास असतो, "किती खोलवरचं दाखवतो?" पण पाण्यात शोधायचं असेल तर खरा प्रश्न वेगळाच : पाणी गोडं की खारं?

तत्त्व फॅरडेचंच. कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत एडी करंट निर्माण करतं आणि डिटेक्टर ते पकडतो. नदी-तलावात साधा, एकाच फ्रिक्वेन्सीचा व्हीएलएफ डिटेक्टर पुरतो. सिग्नलच्या फेजवरून तो लोखंड आणि इतर धातू यांतला फरकही सांगतो.

समुद्रावर मात्र त्याची पंचाईत होते. खारं पाणी स्वतःच वीजवाहक, त्यामुळे ओल्या वाळूत तो उगाच ओरडत सुटतो. तिथे पल्स इंडक्शन घ्यावा. तो पल्स बंद करून काही मायक्रोसेकंद थांबतो. तेवढ्यात पाण्यातले करंट विरतात, धातूतले टिकतात. तोटा हा, की खिळा आहे की अंगठी हे तो नीट सांगत नाही. दोन्हीकडे जायचं तर मल्टी-फ्रिक्वेन्सी, पण खिसा गरम हवा!

दोन गोष्टी तपासाच. बऱ्याच मॉडेल्समध्ये फक्त कॉइल वॉटरप्रूफ असते, कंट्रोल बॉक्स नाही. शिवाय आपली स्टीलची रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात. 'लोखंड नको' असं सेटिंग ठेवलं तर तीही निसटू शकतात.

आणि कायदा विसरू नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टनुसार जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. मग डिटेक्टर कुठलाही असो!