आजारी पिलाची जबाबदारी

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यांत आंधळगांव हें कोशाच्या वस्त्रांसाठीं परिचित असलेलें गांव आहे. तेथील एखाद्या विणकर कुटुंबानें नागपूरच्या एका दुकानांतून मुलांसाठीं कुत्र्याचें पिलूं विकत आणलें, अशी कल्पना करावी. पहिला दिवस आनंदांत जातो. मागाभोंवतीं त्याची लुडबूड चालते, मुलें नांवावरून भांडतात. दुसऱ्या दिवशीं तें अन्नाला तोंड लावीत नाहीं, कोपऱ्यांत मान टाकून पडतें. तिसऱ्या दिवशीं ओकाऱ्या सुरू होतात आणि सायंकाळपर्यंत रक्तमिश्रित, उग्र दर्पाचे जुलाब. घरधनी संतापून म्हणतो, "दुकानदारानें आजारी जनावर गळ्यांत बांधलें. उद्यां त्याच्याच दारांत नेऊन ठेवतों." घरांतील आजी विचारते, "पण आज रात्रीं याचें काय?" या दोन वाक्यांत सगळा विषय आला. पहिलें वाक्य हक्काचें आहे, दुसरें कर्तव्याचें. आणि एकाची वसुली होईपर्यंत दुसरें थांबूं शकत नाहीं.

हें कां, तें रोगाच्या स्वभावावरून कळतें. लहान पिलांत अशीं लक्षणें दिसलीं, कीं पहिला संशय पार्व्हो विषाणूचा घ्यावा लागतो. हा रोग १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला व थोड्याच काळांत जगभर पसरला. विषाणू आंतड्यांच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर घाला घालतो. शरीरांतील पाणी व क्षार भराभर निघून जातात आणि रोगाशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. उपचारावांचून बहुतेक पिलें दगावतात. तेंच शिरेवाटें सलाईन, ओकारी थांबविणारें औषध आणि इतर जंतूंच्या संसर्गावर प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास बहुतेक वांचतात. जंतांमुळें किंवा अन्न बदलल्यामुळेंही जुलाब होतात. म्हणून निदान पशुवैद्यकानेंच, विष्ठेची तपासणी करून, करावयाचें असतें.

आतां विक्रेत्याचा भाग पाहावा. पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, क्वचित चौदा. तेव्हां घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं मलूल झालेल्या पिलानें हा रोग पूर्वीच्या ठिकाणाहूनच आणला, असें मानण्यास सबळ आधार आहे. दहाव्या दिवशीं आजारी पडलेल्या पिलाविषयीं तितक्या ठामपणें बोलतां येत नाहीं. तो संसर्ग नव्या अंगणाचाही असूं शकतो. "एक लस झालेली आहे" हें दुकानदाराचें उत्तर खरें असूनही अपुरें असतें. आईच्या चिकांतून मिळालेलीं प्रतिद्रव्यें पिलाच्या सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांच्या दरम्यान केव्हां तरी ओसरतात. तीं अंगांत असतांना लस नीट लागूं होत नाहीं आणि ओसरल्यावर पिलूं उघडें पडतें. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यांत आरंभ करून, दर तीन-चार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत ही लस पुनःपुन्हां टोंचावी लागते.

कायदा विक्रेत्याला मोकळें सोडीत नाहीं. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयींचे २०१७ चे नियम आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयींचे २०१८ चे नियम यांनीं नोंदणी आवश्यक केली. आठ आठवड्यांखालील पिलूं विकण्यासही मनाई केली. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें गिऱ्हाइकास आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते. नागपुरांत खरेदी केलेल्या पिलाबद्दल आंधळगांवचा रहिवासी भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊं शकतो. त्यासाठीं दोन वर्षांची मुदत आहे.

दोन वर्षें! पिलाजवळ मात्र दोन दिवसही नसतात. येथेंच मालकाची जबाबदारी सुरू होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचें तिसरें कलम ज्याच्या ताब्यांत प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या सुस्थितीचा भार टाकतें. दोष कोणाचा, हें तें विचारीत नाहीं. अकरावें कलम प्राण्याला उपासमारीच्या किंवा तहानेच्या यातना भोगाव्या लागतील अशा स्थितींत सबळ कारणाशिवाय सोडून देणें हा गुन्हा ठरवितें. मूळ कायद्यांत पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा ५० रुपयांपर्यंतचा होता. परंतु कर्तव्य दंडाच्या रकमेनें मोजावयाचें नसतें. आजारी पिलूं दुकानांत परत नेण्यानेंही दोन हानी होतात : प्रवासांत तें अधिक खचतें आणि त्याच्यामुळें शेजारच्या पिंजऱ्यांतील पिलांना संसर्ग पोंचतो.

मग करावें काय? प्रथम जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. तेथें सोय नसेल तर त्यांच्याच सल्ल्यानें पुढें न्यावें. नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. तोंवर पिलाला उबेंत व इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावें. ओकणाऱ्या पिलाच्या तोंडांत दूध किंवा पाणी बळेंच ओतूं नये आणि माणसांची तापाची गोळी तर मुळींच देऊं नये. ती त्याला विष ठरूं शकते. पार्व्हो हा कुत्र्यांचा रोग माणसांस होत नाहीं; पण जुलाबांतून जंतांचीं अंडीं येऊं शकतात, म्हणून मुलांनीं हात साबणानें धुवावेत.

त्याच वेळीं हक्काचीही काळजी घ्यावी. खरेदीची पावती, लशींची नोंद, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचा निकाल व खर्चाचीं बिलें जपून ठेवावीं, आणि विक्रेत्यास त्याच दिवशीं लेखी कळवावें. पिलूं दगावलेंच, तर शवविच्छेदन करून घ्यावें. मागाहून सांगितलेल्या हकिकतीपेक्षां तो कागद अधिक बोलतो.

शेवटचें कर्तव्य पुढच्या पिलाचें आहे. हा विषाणू मातींत कित्येक महिने, कधीं वर्षभरही तग धरतो, आणि साध्या फिनाइलनें तो मरतोच असें नाहीं. फरशी आधीं स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी यांच्या मिश्रणानें पुसावी. त्या अंगणांत लशींचा क्रम पुरा न झालेलें दुसरें पिलूं आणूं नये.

घरधन्याचा राग न्याय्य आहे आणि त्याची दाद मागण्यास वेळही आहे. आजीच्या प्रश्नाला मात्र उत्तर त्याच रात्रीं द्यावें लागतें. पैसे मोजून पिलूं घरीं आणणारानें तें उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच क्षणीं पत्करलेली असते.