भिवंडीतील लोकसंख्या व निवारा

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील कामवारी नदीकाठी वसलेले यंत्रमागांचे शहर आहे. जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये १,१५,२९८ होती. ती १९९१ मध्ये ३,७९,०७० आणि २००१ मध्ये ५,९८,७०३ झाली. २०११ मध्ये ती ७,०९,६६५ होती. म्हणजे अखेरच्या दशकातील वाढ १९ टक्क्यांच्या आत राहिली.

स्थलांतर हे या वाढीचे एक प्रमुख कारण होय. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापडनिर्मिती मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळली. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून येणारे अनेक कामगार कुटुंब गावीच ठेवतात. त्यामुळे २०११ मध्ये शहरात पुरुषांचे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते.

असे कामगार बहुधा एका खोलीत अनेक जण मिळून राहतात. दिवसपाळीचा कामगार बाहेर पडला की रात्रपाळीचा तेथेच निजतो, आणि जेवणाची सोय भिसीत होते. परिणामी केवळ घरांच्या मोजणीवरून शहरातील निवाऱ्याच्या टंचाईचा अंदाज येत नाही.

जुन्या इमारतींची दुरवस्था हा अधिक गंभीर प्रश्न आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारत कोसळून किमान ३८ रहिवासी मृत्युमुखी पडले. इमारत धोकादायक ठरली, तरी परवडणारी पर्यायी जागा मिळेपर्यंत रहिवाशांना ती सोडणे कठीण जाते.

शहरालगतच्या काल्हेर, राहनाळ, मानकोली आदी गावांत मात्र शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली आहेत. तेथील हमाल व वाहनचालकांमुळे भाड्याच्या खोल्यांची मागणी आता शहराच्या हद्दीबाहेरही पसरली आहे.