एसएसडीसाठी बाह्य पेटी : निवड आणि काटकसर

कार्यालयातील वा शाळेतील संगणक निकामी झाला, तरी माहिती साठविणारी त्यातील एसएसडी पुष्कळदा सुस्थितीत असते. तिला योग्य बाह्य पेटी, म्हणजेच एन्क्लोजर, मिळाल्यास आतील नोंदी बहुधा परत हाती येतात व ती पुढेही उपयोगी पडते.

मात्र खरेदीपूर्वी एसएसडीचा प्रकार ओळखणे अगत्याचे आहे. अडीच इंची चपटी एसएसडी सामान्यतः साटा पद्धतीची असते. पट्टीसारख्या एम.२ एसएसडीत साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आढळतात. टोकाशी बहुधा साटाला दोन खाचा, तर एनव्हीएमईला एक खाच असते. तथापि लेबल वाचून खात्री करावी. केवळ एनव्हीएमईसाठी बनविलेल्या पेटीत साटा पट्टी चालत नाही. २२८० हा आकडा २२ मिलिमीटर रुंदी व ८० मिलिमीटर लांबी दर्शवितो.

खर्च वेगानुसार वाढतो. संगणकाचे यूएसबी द्वार सेकंदाला ५ गिगाबिटचे असेल, तर ४० गिगाबिटच्या महाग पेटीने काहीच साधत नाही. साटाची मर्यादाच ६ गिगाबिट असल्याने तिला साधी पेटी पुरते. एनव्हीएमई अधिक तापते; तिच्यासाठी ॲल्युमिनियमची पेटी बरी.

एक दक्षता अवश्य घ्यावी. दीर्घकाळ विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदी असोत वा शाळेचे दाखले, त्यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हेच शहाणपणाचे होय.