कळा सुरू झाल्या की बाईला आडवी पाडू नका



कळा लागल्या की आपल्याकडे बाईला खाटेवर निजवतात. त्याऐवजी तिला चालू द्या, भिंतीला धरून उभी राहू द्या. बाळाचे डोके खाली सरकते आणि पिशवीचे तोंड उघडायला मदत होते. दमली तर डाव्या कुशीवर निजवा. दर दोन तासांनी लघवीला न्या. तुंबलेली लघवी बाळाची वाट अडवते. पाणी, पेज घोट-घोट द्या. कळ आली की कंबर चोळा.

पोट दाबू नका. कळा वाढवायचे इंजेक्शन घरी टोचू नका. गर्भपिशवी फाटू शकते.

कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की दवाखाना गाठा. पाणमोट फुटली, रक्त गेले, झटके आले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता 108 ला फोन करा.

सोबत विश्वासाची बाई हवीच. कळा देणारी ओरडणारच. तिला कोणी रागावले तर सोबतणीने तिच्या बाजूने बोलावे.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपण-भत्त्याच्या बिलाची बाजू मांडली. आज सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. तो उपकार नाही, हक्क आहे.