माळरान राखायचे तर झाडे काढावी लागतात

निसर्गसंरक्षण म्हणजे वृक्षारोपण हे समीकरण लोकमानसात इतके घट्ट बसले आहे की, उघड्या माळावर खड्डे खणून रोपे लावणारी मंडळी निसर्गाचे नुकसान करत असतील, अशी शंकाही कोणाला येत नाही. दख्खनच्या पठारावर मात्र नेमके हेच अनेक ठिकाणी घडले आहे. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत पावसाळी ढग रिते झालेले असतात. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाकाठी साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुरमावर मातीचा पातळ थर असतो आणि त्यावर गवताचे राज्य चालते, मधूनमधून हिवर, बोर, तरवड अशी झाडेझुडपे उभी असतात. विरळ झाडांच्या अशा तृणभूमीला शास्त्रीय परिभाषेत सॅव्हाना म्हणतात.

जंगल तुटले आणि माळ उरला, ही समजूत बरीच जुनी आहे. तरी ती सर्वत्र खरी नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत आलेले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या भागात पूर्वीपासूनच मोकळ्या माळावरच्या वनस्पतींचे प्राबल्य असल्याचे त्यांना आढळले. स्वतः गवताची घडणही हीच साक्ष देते. बहुवर्षायू गवताचा, म्हणजे एकदा रुजून वर्षानुवर्षे फुटत राहणाऱ्या गवताचा, कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचा भाग जनावराने खाल्ला किंवा वणव्यात जळाला तरी पहिल्या पावसात ते पुन्हा हिरवे होते. कुसळीचे बी तर पेरणाऱ्याचीही वाट पाहत नाही: त्याच्या टोकदार दाण्यामागे लांब केसासारखे कुसळ असते, ते दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पिळले जाते आणि या उलटसुलट फिरण्याने दाणा गिरमिटासारखा मातीत शिरतो. मेंढपाळांना ही कुसळे अजिबात आवडत नाहीत, कारण ती लोकरीत अडकून मेंढीच्या कातडीतही तशीच शिरतात.

महसुली व्यवस्थेला या साऱ्याशी देणेघेणे नव्हते. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा वसाहतकालीन हिशेब होता. स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला आणि माळरानांचा मोठा भाग सरकारी नकाशांवर पडीक जमिनींच्या रकान्यात गेला. पडीक ठरलेली जमीन ‘उपयोगात आणणे’ हे मग पुण्यकर्म झाले. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले लांब चर, डोंगरउतारावर पाणी अडवण्यास उपयोगी असतील. सपाट माळावर मात्र ते गवताचे जुने मूळजाळे तोडतात आणि खालचा मुरूम वर आणतात. त्या चरांच्या काठाने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावलीत गवत खुरटते, आणि वेडी बाभूळ एकदा शिरली की तिच्या शेंगा खाणारी जनावरेच तिचे बी दूरवर पसरवतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातील अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा भारताच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा त्यात मोडतो आणि त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे, असे दिसून आले.

माळरान राखण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात झाला आणि तो पुरेसा बोलका आहे. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथे गवतासाठी राखलेल्या तुकड्यांवर माळढोक पक्षी दिसत होते. माळढोक, ज्याला हूम असेही म्हणतात, हा सुमारे मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांमधील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. त्याची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, त्यामुळे संख्या घटली की ती भरून यायला फार वेळ लागतो. १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. आकडा भव्य होता, पण त्यातील बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची होती. हद्दीत गावेच्या गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले, आणि ज्यांच्या ज्वारीच्या शेतात हा पक्षी नाकतोडे टिपत फिरे, त्यांच्याच मनात त्याच्याविषयी कडवटपणा साचला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान उजनी धरणाचे पाणी फिरले, जिरायती ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला आणि मोकळी दृष्टी लागणाऱ्या या पक्ष्याला ती शेते परकी झाली. अलीकडे नान्नजला एखाद-दुसराच माळढोक दिसल्याच्या नोंदी होतात. देशभरात दीडशेहून कमी पक्षी उरले असल्याचे मानले जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत. कागदावरची हद्द ताणण्यापेक्षा वनखात्याच्या ताब्यातील तुकडे नीट राखून त्यांभोवतीच्या जिरायती शेतीला आधार दिला असता, तर निष्पत्ती वेगळी झाली असती, असे मानायला जागा आहे.

दुसऱ्या टोकाला अगदी छोटी अभयारण्ये आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे, तर बारामती तालुक्यात सुप्याजवळचे, चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचे. हरणांना तेथे हक्काचा निवारा मिळाला हे खरेच. परंतु एका रात्रीत कित्येक किलोमीटर भटकणाऱ्या लांडग्याला एवढी जागा पुरत नाही, तो गायरानांतून, वनखात्याच्या विखुरलेल्या तुकड्यांतून आणि कापणी झालेल्या शेतांतून फिरत राहतो.

म्हणूनच माळरानाच्या पुनरुज्जीवनाचे काम या विखुरलेल्या तुकड्यांवर करावे लागते. ते दिसायला अनाकर्षक असते. आधी वेडी बाभूळ आणि लावलेली परकी झाडे मुळापासून काढायची, कारण नुसती तोडली तर बाभूळ बुंध्यातून दुप्पट फुटते. पावसाळा सरल्यावर आसपासच्या चांगल्या माळावरून पवन्या, मारवेल, डोंगरी या गवतांचे पिकलेले बी हाताने ओरबाडून गोळा करायचे, सुकवायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर विस्कटायचे. त्यानंतर दोन-तीन वर्षे जनावरे सोडायची नाहीत, गवत मात्र कापून न्यायला मुभा द्यायची आणि उन्हाळ्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा साफ ठेवायच्या. एवढे करूनही उद्घाटनाला दाखवण्याजोगे हाती काही नसते. लावलेल्या रोपांची संख्या जशी अहवालात भरता येते, तशी काढलेल्या झाडांची भरायला कोणी फारसे उत्सुक नसते.

चराईबंदीचा प्रश्न याहून नाजूक आहे. धनगरांचे कळप शतकानुशतके या माळांवर चरत आले आहेत, शेतकरी खतासाठी रिकाम्या रानात त्यांची मेंढरे बसवून घेतात आणि लांडगाही काही अंशी याच कळपांवर जगतो. चराई पूर्ण थांबली तर काही ठिकाणी गवत जून होऊन दाटते, झुडपे वाढतात आणि आखूड गवतात वावरणारे पक्षी माळ सोडतात. ती अनिर्बंध राहिली तर चवीची बहुवर्षायू गवते आधी संपतात आणि निकस वार्षिक गवते उरतात. त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या महिन्यात मोकळा ठेवायचा, हे ठरवताना मेंढपाळाचा शब्द मोलाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन नव्या तरतुदी आल्या: सरकारी जमिनीवरील संवर्धन राखीव क्षेत्र आणि गावाच्या किंवा व्यक्तीच्या जमिनीवर, त्यांच्याच इच्छेने होणारे समुदाय राखीव क्षेत्र. या दोहोंत स्थानिकांना व्यवस्थापन समितीत स्थान मिळते आणि दुसऱ्यात जमिनीची मालकीही हलत नाही. माळरानांसाठी या तरतुदी फारशा वापरल्या गेलेल्या नाहीत, आणि दरम्यान सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहती व गृहबांधणी यांसाठी जागा शोधताना पहिली नजर जाते ती गायरानाकडेच.